गाडी बदलावी की वाट? रामाकोन्याच्या छोट्या लाईनीचा इतिहास

रेल्वेच्या गाड्या म्हाताऱ्या होतात, ही नित्याची गोष्ट आहे. इंजिनाचा बॉयलर थकतो, डब्यांच्या सांगाड्याला गंज चढतो, सुटे भाग मिळेनासे होतात, आणि एक दिवस नवी गाडी आणावी लागते. मोठ्या मार्गांवर हा बदल प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही. परंतु जो मार्ग इतर मार्गांपासून तुटलेला आहे, ज्याचे माप वेगळे आहे, त्याच्यापुढे हाच साधा प्रश्न अवघड होऊन उभा राहतो. नवी गाडी आणायची कोठून? ती बनवणारे कोणी उरले नसेल, तर जुनीच डागडुजी करून चालवायची, की गाडीऐवजी वाटच बदलून टाकायची?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या रामाकोन्याने या प्रश्नाचे एक उत्तर अनुभवले आहे. नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी लाईन १ डिसेंबर २०१५ पासून बंद झाली आणि पुढे त्याच दिशेने रुंद मार्ग आला. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचे येणे-जाणे, नोकऱ्या आणि सोयरिकी या छोट्या लाईनीशी बांधलेल्या होत्या. तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणारे लिखाण आपल्याकडे पुष्कळ आढळते. प्रस्तुत लेखात हळहळीपेक्षा हिशेब मांडण्याचा विचार आहे. ही लाईन कशासाठी आली, तिने आपल्या वस्तीचे नेमके काय केले, ती का थकली, आणि तिच्या जागी जे आले त्याची किंमत कोणी मोजली, हे क्रमाने पाहू.

प्रथम भूगोल. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन मुख्य भाग सांगितलेले असत. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. ‘जेर’ हा फारसी शब्द, त्याचा अर्थ ‘खाली’. सौंसर तहसील म्हणजे हा जेरघाट. काळी जमीन, कापूस, ज्वारी, पुढे संत्री, आणि बोली मराठी. घाट चढून वर गेले की जमीन बदलते, पीक बदलते आणि भाषाही बदलते. रामाकोना या दोहोंच्या सांध्यावर आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, तर छिंदवाडा पावणेसातशे मीटरच्या आसपास. सौंसर आणि रामाकोना मागे टाकल्यावर या उंचीचा मोठा भाग थोडक्या अंतरात चढावा लागतो. सडकेने जाणाऱ्यांना सिल्लेवानीचा घाट परिचित आहे. रेल्वेला देवी, कुकडाखापा, भीमालगोंदी, भंडारकुंड अशी स्थानके घेत, वळणे घालीत वर जावे लागे.

हा प्रदेश मराठी झाला तो रेल्वेमुळे, असा एक समज आपल्या मंडळींत आहे. तो निदान जेरघाटापुरता खरा नाही. देवगडच्या गोंड राजवटीचा हा मुलूख. त्याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. पुढे रघूजी भोसल्यांच्या काळात सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे आली आणि १८५३ साली शेवटचे राजे निपुत्रिक वारल्यावर राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. शेतकरी मराठी कुटुंबे जेरघाटात नांदत होती ती रेल्वेच्या कितीतरी आधीपासून. जबलपुरातही काही मराठी घराणी पेशवाई आणि भोसल्यांच्या अमलापासूनची आहेत. रेल्वेने आणले ते निराळ्या प्रकारचे मराठी कुटुंब. कचेरीतील कारकून, शाळामास्तर, वकील, पोस्टमास्तर, ओव्हरसियर आणि रेल्वेचे नोकर. छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, मंडला या गावांतील आपल्या वस्तीचा मोठा भाग असा नोकरीच्या वाटेने गेलेला आहे. एक वस्ती नांगरामागून आली, दुसरी बदलीच्या हुकमामागून. या दोघींमधून धावणारी गाडी म्हणजे छोटी लाईन. हा भेद ध्यानी घेतला तर पुढचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो.

आता लाईनीचा जन्म. बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली. तिने आधीची मीटरगेजवरील नागपूर–छत्तीसगड रेल्वे आपल्याकडे घेऊन तिचे रुंद मार्गात रूपांतर केले. म्हणजे मार्गाचे माप बदलण्याचा प्रयोग या प्रदेशाला नवा नाही. तो सव्वाशे वर्षांपूर्वीच एकदा होऊन गेला आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. एका भागात धान्य असताना दुसऱ्या भागातील माणसे उपाशी मरतात, कारण धान्य पोचविण्यास वाट नसते, हा त्या दुष्काळांचा कठोर धडा होता. सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात रेल्वे नेण्याची निकड त्यातून वाढली. गोंदियाहून निघालेली अडीच फुटी लाईन १९०३–०५ या वर्षांत नैनपूर, छिंदवाडा आणि जबलपूरपर्यंत पोचली. नागपूरहून सौंसर–रामाकोन्यामार्गे छिंदवाड्यास जाणारा फाटा त्यानंतर, शतकाच्या दुसऱ्या दशकात आला.

माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर का? भारतातील रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे दुपटीहून अधिक. अरुंद मार्गाला डोंगरात तीव्र वळणे घेता येतात. त्यामुळे कडे कमी फोडावे लागतात, पूल लहान लागतात, खर्च वाचतो. अशा मार्गावर मोठा भार वाहता येणार नाही ही शंका होती. ती दूर करण्याचे श्रेय महाराष्ट्रातील बार्शी लाईट रेल्वेकडे जाते. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेल्या त्या रेल्वेने, प्रत्येक आसावर केवळ पाच टन भार ठेवूनही मालगाडी किफायतशीर चालविता येते, हे दाखवून दिले. सातपुड्यात ज्या मापाची लाईन पडली, त्या मापाचे वजन आधी बार्शीत सिद्ध झाले होते.

रामाकोन्याच्या बाजूला या लाईनीला माल मिळाला तो कापसाचा आणि खनिजांचा. सौंसर हे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते येथील खडकांमुळे. मँगनीज असलेल्या या पुरातन खडकांच्या समूहाला सौंसर याच गावावरून नाव पडले. एल. एल. फर्मॉर या भूगर्भशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातील मँगनीजचा सविस्तर अभ्यास केला आणि १९०९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच तहसिलीतील सीतापार येथे सापडलेल्या एका खनिजाला त्याने ‘सीतापाराइट’ असे नाव दिले. पुढे ते खनिज आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट असल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. तरी आपल्या परिसरातील एक लहानसे खेडे काही काळ जगाच्या खनिजकोशात होते, हे नोंदविण्याजोगे आहे. घाटावर पेंच खोऱ्यातील कोळसा होता. कापूस, मँगनीज, कोळसा आणि लाकूड हा या अरुंद रेल्वेजाळ्याचा खरा अन्नदाता, प्रवासी नंतरचे.

प्रवाशांना मात्र या गाडीने नागपूर दिले. त्या काळी नागपूर ही प्रांताची राजधानी. कोर्ट, इस्पितळ, बाजार, हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे, १९२३ पासून विद्यापीठ, आणि पुढे विदर्भ साहित्य संघ, हे सगळे एका गाडीच्या अंतरावर आले. घाटावरच्या नोकरदार घरातील मुलगा शिकण्यास नागपूरला जाई. जेरघाटातील शेतकरी सरकी आणि संत्री घेऊन त्याच गाडीत बसे. नागपूरची वर्तमानपत्रे, मासिके आणि ग्रंथालयांची पुस्तके वर चढत ती याच वाटेने. हिंदी मुलखात राहूनही मराठी लिहिती-वाचती राहिली याची अनेक कारणे आहेत. त्यांत या संथ गाडीचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याबरोबर सौंसर व पांढुर्णा हे मराठीबहुल भागही. रामाकोन्याची राजधानी शंभर किलोमीटरच्या आतल्या नागपुरातून उठून भोपाळला गेली. कागदपत्रांची भाषा बदलली, शाळांची बदलत गेली. गाडी मात्र पूर्वीच्याच रुळांवरून नागपूरला जात राहिली. राज्याची सीमा सावनेर–लोधीखेडा यांच्या दरम्यान कोठेतरी ओलांडली जाई आणि डब्यात बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नसे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. त्यातील पांढुर्णा हे नागपूर–इटारसी या प्रमुख रुंद मार्गावर, तर सौंसर–रामाकोना छोट्या लाईनीवर. एकाच भाषेच्या दोन शेजारी तालुक्यांना रेल्वेने अशी दोन निराळी भाग्ये दिली.

आता म्हातारपणाकडे वळू. आरंभीची इंजिने वाफेची, विलायतेहून आलेली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेली ‘सीसी’ वर्गाची इंजिने या जाळ्यावर दीर्घकाळ राबली. पुढे डिझेल आले. त्यांच्या नावातील ‘झेडडीएम’ या अक्षरांचा उलगडा सोपा आहे. झेड म्हणजे अडीच फुटी माप, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी. यांपैकी काही जर्मनीतून आली, नंतरची चित्तरंजनच्या कारखान्यात बनली. त्यांची देखभाल नागपूरच्या मोतीबागेत होई. तेथील कारखाना १८७९ सालचा, म्हणजे बंगाल–नागपूर कंपनीहूनही जुना. याच मोतीबागेत डिसेंबर २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले. गाड्या रुळांवर धावत असतानाच त्यांचे संग्रहालय झाले, याचा अर्थ जाणत्यांना तेव्हाच उमगला असावा.

अडचण केवळ इंजिनाच्या वयाची नव्हती. अरुंद मार्गावरचा माल नागपूर, गोंदिया, जबलपूर अशा ठिकाणी रुंद गाडीत उतरवून पुन्हा भरावा लागे. मजुरी वाढे, वेळ जाई, माल सांडे. मोटारलॉरी स्वस्त झाल्यावर हा माल सडकेकडे वळला. अन्नदाताच गेल्यावर गाडीला प्रवाशांच्या तुटपुंज्या भाड्यावर जगावे लागले. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात दिवसाचा मोठा भाग जाई, तेव्हा ज्यांना परवडे ते बसने जाऊ लागले. आणि ज्या मापाच्या रेल्वेच उणावत होत्या, त्या मापाची नवी इंजिने व डबे कोण मोठ्या संख्येने बांधणार? जाळे जसजसे आक्रसले तसतशी ही लाईन बेटासारखी एकाकी झाली.

बेट हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण खऱ्याखुऱ्या बेटावरील एक रेल्वे नेमक्या याच पेचात सापडली होती. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. तेथे राइडपासून शँक्लिनपर्यंत सुमारे पावणेचौदा किलोमीटरची लाईन उरली आहे. रुळ आपल्या शेजारच्या मुख्य भूमीवरील मापाचेच. पण राइड येथील बोगद्यात पाणी तुंबू नये म्हणून रुळांची पातळी वर उचललेली, त्यामुळे छत ठेंगणे. साधी गाडी आत शिरत नाही. १९६६ च्या अखेरीस वाफेची इंजिने निवृत्त झाली तेव्हा त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त केलेल्या ठेंगण्या विजेच्या गाड्या आणल्या, आणि १९६७ पासून त्या चालविल्या. त्या मोडकळीस आल्यावर १९८९ पासून पुन्हा लंडनच्याच, पण १९३८ च्या बनावटीच्या गाड्या आल्या. त्या ३ जानेवारी २०२१ पर्यंत धावल्या, म्हणजे वयाच्या ऐंशीहून अधिक वर्षांपर्यंत. मग काही महिने मार्ग बंद ठेवून दुरुस्ती झाली आणि १ नोव्हेंबर २०२१ रोजी नव्या म्हणविल्या जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. त्याही मुळात १९७८ नंतर बांधलेल्या लंडनच्याच गाड्या, सांगाडा ठेवून नव्याने घडविलेल्या. बेटवाल्यांनी वाट बदलली नाही. वाटेत मावेल अशी गाडी तीन वेळा शोधून आणली.

आपल्याकडे, वऱ्हाडात, तिसरा प्रकार घडला. मूर्तिजापूर जंक्शनहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला ही अशीच अडीच फुटी. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून राबले ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. त्यानंतर डिझेल इंजिन जोडले. पण रुळ, पूल, वेग आणि मालकीचा जुना गुंता तसाच राहिला. इंजिन नवे आणि वाट जर्जर. अखेर शकुंतलेच्या दोन्ही शाखांवरील गाड्या थांबल्या. निम्मा बदल हा कधीकधी बदल न करण्याहून महाग पडतो, याचे हे उदाहरण.

सातपुड्यात मात्र वाटच बदलण्याचे ठरले. नागपूर–छिंदवाडा हा सुमारे दीडशे किलोमीटरचा मार्ग रुंद करण्यास २००५–०६ साली मंजुरी मिळाली. जुनी गाडी त्यानंतरही दहा वर्षे धावली. ती २०१५ च्या डिसेंबरात थांबल्यावर काम दोन्ही टोकांकडून पुढे सरकले. छिंदवाड्याकडून भंडारकुंडपर्यंत आणि नागपूरकडून केळोदपर्यंतचा भाग आधी झाला, मग केळोद ते भीमालगोंदी. शेवटी उरला तो भंडारकुंड–भीमालगोंदी हा घाटाचा तुकडा. छोटी लाईन जेथे वळसे घालून चढत होती, तेथे रुंद गाडीसाठी बोगदा आणि उंच पूल बांधावे लागले. सलग प्रवासासाठी २०२१ साल उजाडले. एप्रिल २०२३ मध्ये छिंदवाडा–नैनपूर–मंडला फोर्ट या मार्गाचेही रूपांतर राष्ट्राला अर्पण झाले. नागपूर–नागभीड ही आपल्या शेजारची शेवटची अरुंद लाईन त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, थांबली होती.

योगायोग असा की वाइट बेटाला आणि रामाकोन्याला नवी गाडी एकाच वर्षी मिळाली. बेटावर मार्ग दहा महिने बंद होता; येथे पाच वर्षांहून अधिक. या दोन आकड्यांची तुलना करताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. बेटवाल्यांनी सपाट भूमीवरील चौदा किलोमीटर दुरुस्त केले. येथे दीडशे किलोमीटर नव्याने घातले आणि एक घाट फोडला. त्यांच्या गाडीला बेटाबाहेर कोठे जायचे नाही. आपल्या गाडीला देशाच्या जाळ्यात मिसळायचे होते. मालाची चढउतार संपली, कोळसा आणि मँगनीज एकाच वाघिणीतून हव्या त्या बंदरास जाऊ शकतात, आणि छिंदवाड्याहून नागपूरला पोचण्यासाठी दिवस खर्ची घालावा लागत नाही. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु पाच वर्षांची किंमत कोणी दिली हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे मोटार होती त्यांनी दिली नाही. ती दिली भाजीची टोपली घेऊन बाजारास जाणारीने, तिकिटाच्या थोड्या पैशांत शाळा गाठणाऱ्या मुलाने, आणि घाटातील त्या वाड्यांनी, ज्यांना गाडीखेरीज दुसरे वाहन सहज उपलब्ध नव्हते. सडकेच्या कडेला असलेल्या रामाकोन्याला निदान बस होती. कुकडाखाप्यासारख्या घाटातील ठिकाणी गाडी हीच सडक होती. पाच वर्षे हा दहावीत जाणाऱ्या मुलाच्या आयुष्यात फार मोठा काळ असतो. त्या काळात लागलेल्या सवयी गाडी परत आली म्हणून आपोआप सुटत नाहीत. ज्याने मोटारसायकल कर्जावर घेतली तो पुन्हा फलाटावर येईलच असे नाही.

यातून जो निष्कर्ष निघतो तो साधा आहे. जुनी गाडी बदलताना अभियंता वेग, भार आणि खर्च मोजतो, ते त्याचे कामच आहे. गावाने मोजायची गोष्ट निराळी. दिवसातून गाड्या किती, त्या लहान स्थानकावर थांबतात काय, आणि त्यांच्या वेळा शाळा, कचेरी व बाजार यांच्याशी जुळतात काय. छोटी लाईन संथ होती, पण ती प्रत्येक ठिकाणी थांबे. रुंद लाईन वेगवान असून रामाकोन्यावरून न थांबता निघून जाणार असेल, तर तिची रुंदी दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची ठरेल. थांब्याचा आग्रह ही भावनिक मागणी नव्हे. ज्यांनी रूपांतराचा खर्च पाच वर्षे सोसला त्यांचा तो न्याय्य वाटा आहे.

आणखी एक काम आपल्या घराण्यांच्या हाती आहे. इंजिने मोतीबागेत जपली गेली आहेत. पण गाडीत कोण बसत होते, कशासाठी, आणि कोणत्या भाषेत बोलत होते, हे इंजिन सांगू शकत नाही. ते सांगणारे कागद आपल्या ट्रंकांत आहेत. बदलीचे हुकूम, नागपूरच्या वसतिगृहांच्या पावत्या, घाटावरून माहेरी धाडलेली पत्रे, आडतीच्या चिठ्ठ्या. जेरघाटातील शेतकरी घरे आणि घाटावरची नोकरदार घरे यांनी हे कागद एकत्र आणून पाहिले, तर या प्रदेशातील मराठी वस्तीचा जो इतिहास आज ऐकीव आहे तो पुराव्यानिशी लिहिता येईल. १९५६ पूर्वीच्या कागदांवर तर आणखी वेळ दवडता येणार नाही, कारण ते वाचून त्यांतील माणसे ओळखणारी पिढी आता थोडी उरली आहे.